मी सोडलेल्या पोळ्या कुणी खाल्ल्या?

आमच्या घरी एकूण चौदा महिने दोन स्वयंपाक झाले. एक घराचा, एक माझा. घराचा म्हणजे वरण, भात, पोळ्या, एक भाजी, जवसाची चटणी. माझा म्हणजे पनीर, अंडी, फुलकोबी किसून केलेला ‘भात’ आणि बदामाच्या पिठाची एक वस्तू, जिला आई शेवटपर्यंत ‘ते तुझं’ एवढंच म्हणत राहिली.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. मिहानमध्ये खुर्चीवरची नोकरी, वजन ९४ किलो. जिममधला ट्रेनर म्हणाला, ‘‘भाऊ, कार्ब बंद कर, बाकी मी पाहतो.’’ मी बंद केले. पाच महिन्यांत अकरा किलो उतरलो, इन्स्टावर फोटो टाकला, लोकांना सल्ले देऊ लागलो. सातव्या महिन्यात पोळा आला. पोळ्याला पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, मारबतीच्या गर्दीत मित्रांसोबत आलूबोंडे. त्या दोन दिवसांनंतर मी परत कीटोवर गेलोच नाही. संक्रांतीपर्यंत अकराच्या अकरा किलो परत आले, येताना वर दोन पाहुणे घेऊन आले.

मग मी दुसऱ्या पंथात गेलो, मोजणाऱ्यांच्या. ओट्यावर वजनकाटा आला, फोनमध्ये अ‍ॅप आलं. पुढचे सात महिने आईनं माझी भाजी फोडणीच्या आधीच वेगळी काढली. तेही सुटलं. का सुटलं ते पुढे सांगतो.

हे दोन्ही पंथ आपल्याला चूक प्रश्न विचारायला लावतात, असं आता माझं ठाम मत आहे. कार्ब कमी की कॅलरी कमी, या भांडणात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. खाणारा माणूस एकटा आहे, त्याचा ओटा, त्याचा फ्रिज आणि त्याचं ताट त्याच्याच मालकीचं आहे. नागपुरात असा माणूस मला तरी क्वचितच भेटला आहे. इथे कुणी आईच्या हातचं खातं, कुणी सासूच्या, कुणी बायकोच्या, आणि उरलेले मेसच्या डब्यातलं.

हे भांडण जुनं आहे. १८६३ मध्ये लंडनमधल्या विल्यम बँटिंग नावाच्या अंत्यविधी व्यावसायिकानं पाव, साखर, बटाटा सोडून आपण कसे बारीक झालो याची पुस्तिका छापली. १९१८ मध्ये लुलू हंट पीटर्स या अमेरिकन डॉक्टरबाईंनी लोकांना ‘पावाचा एक तुकडा’ म्हणायचं सोडून ‘शंभर कॅलरींचा पाव’ म्हणायला शिकवलं. आजची रील्स या दोघांचीच नातवंडं आहेत.

आपल्याकडच्या भांडणाचं एक मूळ तर थेट नागपुरात आहे. श्रीकांत जिचकार हे नाव आपण बहुतेकांनी पदव्यांच्या ढिगासाठी ऐकलेलं असतं. काटोलकडचा माणूस, १९८० मध्ये पंचविशीतच आमदार, २००४ मध्ये कोंढाळीजवळ अपघातात गेले. इन्सुलिन आणि दोन वेळचं जेवण यांवर ते व्याख्यानं देत. त्यातूनच पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी आपला कार्यक्रम उभा केला आणि तसं ते जाहीर सांगतातही. खरी भूक ओळखून दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये पाणी किंवा पातळ ताक, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. २०१८ च्या सुमारास समोर ऋजुता दिवेकर: दर दोन तासांनी थोडं खा, तूप खा, भात खा, आजी खायची ते खा. त्या वर्षी माझ्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निवडणुकीपेक्षा जास्त भांडण या दोघांवरून झालं. एका काकांनी ग्रुप सोडला.

मला या दोघांबद्दल आदर आहे, आणि त्याचं कारण त्यांच्या घड्याळात नाही. दीक्षितांचा सल्ला फुकट आहे, तो कुठलीही पावडर विकत नाही, आणि सुरू करण्याआधी एचबीएवनसी तपासून घ्या असं सांगतो. दिवेकरांनी तूपभाताची लाज बाळगणाऱ्या एका पिढीला ती लाज टाकायला लावली, हे लहान काम नाही. दोघांचीही योजना वेगळा स्वयंपाक मागत नाही. घराघरांत त्या एवढ्या पसरल्या, त्याचं अर्धं श्रेय मी यालाच देईन. पण ५५ मिनिटांत वाट्टेल तेवढं रिचवणारेही मी पाहिले आहेत, आणि दर दोन तासांनी बिस्किटाचा पुडा फोडून ‘मी ऋजुता फॉलो करतो’ म्हणणारेही.

आता विज्ञानाचं. २०१८ मध्येच स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटानं ६०९ लोकांवरचा वर्षभराचा प्रयोग ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. निम्म्यांना कमी कर्बोदकांचा आहार, निम्म्यांना कमी चरबीचा. कॅलरी मोजा असं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मैदा-साखर टाळा, भाज्या भरपूर खा, घरचं खा, हे मात्र दोघांनाही सांगितलं होतं. वर्षाअखेरीस एका गटाचं सरासरी सहा किलो उतरलं, दुसऱ्याचं ५.३. म्हणजे बरोबरीच. पण प्रत्येक गटाच्या आत पाहिलं तर कुणी पंचवीस किलोंहून जास्त उतरलेला आणि कुणी उलट वाढलेला. त्याआधी २००५ मध्ये मायकल डॅन्सिंगर यांनी चार प्रसिद्ध डाएट १६० लोकांवर शेजारी शेजारी लावून पाहिले होते. वजन किती उतरलं याचा संबंध डाएटच्या नावापेक्षा ते किती पाळलं गेलं याच्याशी जास्त निघाला.

मग लोक म्हणतात, ‘पाळलं पाहिजे, म्हणजे विलपॉवर पाहिजे.’ इथेच माझं बिनसतं. पाळणं म्हणजे विलपॉवर ही कल्पना ज्यांना रोज ताट आयतं मिळतं त्यांनी काढलेली आहे. मी सात महिने कीटो पाळलं ते माझ्या विलपॉवरवर? सकाळी साडेसहाला उठून फुलकोबी आई किसायची. मुलगा डाएट करतो तेव्हा सगळं घर कामाला लागतं. हेच सुनेनं केलं की त्याला ‘नखरे’ म्हणतात. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण सासरी सगळ्यांसाठी पोळ्या लाटून स्वतःसाठी दोन अंडी उकडायची, तर ‘आमचं अन्न चालत नाही वाटतं हिला’ हे तिला महिनाभर ऐकावं लागलं. तिनं कीटो सोडलं. यात तिची विलपॉवर कुठे कमी पडली, मला सांगा.

कीटोच्या काळात घरात आणखी एक गोष्ट झाली. ती मी आजवर फोटोखाली लिहिली नव्हती.

माझे अकरा किलो पाहून बाबाही उत्साहात आले. त्यांना नऊ वर्षांपासून मधुमेह, सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी. त्यांनी भात-पोळी एकदम बंद केली, गोळी मात्र तशीच चालू ठेवली. डॉक्टरांना विचारायचं ना त्यांना सुचलं ना मला. मी तर घरातला तज्ज्ञ होतो. पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ते सक्करदऱ्याच्या बाजारातून भाजी घेऊन आले ते घामानं निथळत, हात थरथरत, बोलणं अडखळत. घरातल्या मीटरवर साखर ५४. आईनं कपात चार चमचे साखर विरघळवून पाजली. मी गूगल करत उभा होतो.

डॉक्टर नंतर जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही, पण मुद्दा साधा होता. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. ताटात भात असो की नसो, ती आपलं काम करतेच. ती किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं डोस बदलून न घेता कर्बोदकं तोडली तर साखर घसरते. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्यांवर, ज्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, कडक कीटो केलं तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो, आणि तेव्हा मीटरवरचा आकडा फार वाढलेला दिसेलच असंही नाही. माझ्या ट्रेनरनं घरात कुणाला काय आजार आहे हे विचारलं नव्हतं. त्याचं ते कामही नव्हतं. माझं होतं.

मोजणाऱ्यांच्या पंथाकडे येतो. तिथे मला एक गोष्ट मिळाली, ती नाकारणार नाही. तर्री-पोहे. कार्बवाले म्हणतात पोहे वाईट. अ‍ॅप म्हणालं, प्लेटभर पोहे सुमारे अडीचशे कॅलरी. ठीक आहे की! मग एका रविवारी ठेल्यावर मी पहिल्यांदा तर्रीकडे नीट पाहिलं. प्लेटमधल्या चण्याच्या रश्श्यावर जो लाल थर तरंगतो तो चमच्यानं वाटीत काढला. दोन मोठे चमचे भरले. दोन टेबलस्पून तेल म्हणजे जवळपास २४० कॅलरी. पोह्यांएवढ्याच कॅलरी वरून तरंगत होत्या आणि मी इतकी वर्षं ‘भाऊ, तर्री मारा अजून’ म्हणत होतो. कीटोनं मला हे कधीच सांगितलं नसतं, कारण तिथे तेल म्हणजे मित्र.

पण रोजच्या घरात मोजणं म्हणजे निव्वळ छळ. अ‍ॅपला ‘एक वाटी वरण’ माहीत आहे, पण ते कुणाच्या घरचं? आमचं पातळ असतं, शेजारच्या काकूंचं घट्ट. गोळाभात अ‍ॅपमध्ये नव्हताच, मी खूप शोधल्यावर त्यानं मला एका चिनी पदार्थाचं नाव सुचवलं. त्यात गोळे किती, वरून घातलेल्या फोडणीचं तेल किती, कोण सांगणार? माणूस मोजतानाही चुकतो. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी ‘आम्ही काहीच खात नाही तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या दहा जणांचं खरं खाणं तपासलं. ते सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते. सगळेच काही मुद्दाम खोटं बोलत होते असं नाही. मीही शेंगदाणे नोंदवायचो, पण डब्यातून जाता-येता उचललेले नाही.

आणि मोजता मोजता मी घरात एक नकोसा माणूस झालो. आई वाढायला आली की मी काटा पुढे करायचो. एकदा मामाकडे पंगतीत मी फोन काढून भाताचा अंदाज घेत होतो, तर मामी म्हणाली, ‘‘राहू दे, बिल लावणार नाही आम्ही.’’ सगळे हसले. मीही हसलो, पण त्या रात्री अ‍ॅपमध्ये नोंद केली नाही. नंतरही फार दिवस केली नाही.

शेवट केला तो एका रिपोर्टनं. बाबांच्या नेहमीच्या तपासणीला आई सोबत गेली होती. डॉक्टरांनी सहज विचारलं, ‘‘काकू, तुमची साखर कधी पाहिली होती?’’ पाहिलीच नव्हती. तिचं एचबीएवनसी निघालं ६.२. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘जेवणात काय असतं?’’

आई म्हणाली, ‘‘जे उरलं ते.’’

घरी आल्यावर मी तिच्यावरच चिडलो. एवढा भात कशाला खायचा वगैरे. ती शांतपणे म्हणाली, ‘‘बाबू, तू पोळ्या सोडल्या. त्या काय हवेत गेल्या का?’’

कणीक ती नेहमीच्याच अंदाजानं मळत होती, कारण न जाणो मला भूक लागली तर. तांदूळही त्याच मापानं. मी खाल्लं नाही की ते उरायचं, आणि आमच्या घरात अन्न टाकत नाहीत. रोजच्या दोन पोळ्या आणि मूठभर भात म्हणजे तीनशेच्या आसपास कॅलरी. माझ्या अ‍ॅपमध्ये त्या ‘वाचवलेल्या’ म्हणून हिरव्या रंगात दिसायच्या. माझ्या ताटातलं कार्ब कमी झालं नव्हतं, ते स्वयंपाकघरात उभ्यानं जेवणाऱ्या बाईच्या पोटात गेलं होतं. ६.२ एकट्या माझ्या पोळ्यांनी झालं असा माझा दावा नाही, वय आहे, आनुवंशिकता आहे, आयुष्यभराचं जे-उरलं-ते आहे. पण त्यात मी भर घातली. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीनुसार देशात साधारण १३.६ कोटी लोक या उंबरठ्यावर आहेत. त्यातल्या किती जणी शेवटी जेवायला बसतात, हा प्रश्न अजून कुणी ट्रेनरनं रीलमध्ये घेतलेला मी पाहिला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की मोजायचंच असेल तर ताट मोजू नका, किराणा मोजा. आणि कार्ब कमी करायचेच असतील तर तुमच्या ताटातून काढून चालणार नाही, घराच्या भांड्यातून काढा.

आम्ही हे असं केलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात म्हटलं आहे की भारतीय ताटात ५० ते ७० टक्के ऊर्जा एकट्या धान्यातून येते आणि ती ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. दोन हजार कॅलरींच्या दिवसासाठी त्यांचा हिशेब साधारण असा: २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, २७ ग्रॅम तेल-तूप. मी याला तीस दिवसांनी आणि तीन माणसांनी गुणलं. धान्य साडेबावीस किलो, डाळी साडेसात किलोंच्या वर, तेल-तूप मिळून जेमतेम अडीच-पावणेतीन लिटर. मग किराणावाल्याची वही उघडली. कणीक आणि तांदूळ मिळून आमच्याकडे तीस किलो. तेलाचा पाच लिटरचा डबा महिन्यात संपत होता. आणि डाळी सगळ्या मिळून अडीच किलो! तूर आणि हरभरा पिकवणाऱ्या विदर्भात राहून आमच्या वरणात डाळ शोधावी लागत होती.

हा आकडा आईला कळायला कुठलंही अ‍ॅप लागलं नाही. तेलाचा डबा तिच्याच हातात असतो.

आयसीएमआरच्याच मधुमेह पाहणीतल्या १८,०९० लोकांच्या आहारावरून मांडलेलं एक गणित २०२२ मध्ये ‘डायबेटिस केअर’मध्ये आलं. नवीन निदान झालेल्यांना आजार मागे हटवायचा असेल तर कर्बोदकं ४९ ते ५४ टक्के आणि प्रथिनं १९ ते २० टक्के असावीत, असा तो अंदाज आहे. लक्षात घ्या, कीटोवाले सांगतात तसं कार्ब शून्याजवळ नेण्याची इथे गरज नाही. भात राहतो, पोळी राहते, मान मात्र डाळीला मिळतो. आता आमच्याकडे वरण घट्ट असतं. आठवड्यातून दोनदा झुणका किंवा पातोडीचा रस्सा, आणि त्या दिवशी भात नाही. पोळ्या प्रत्येकी दोन. तांदळाचं माप तीन वाट्यांवरून दोनवर आलं. फोडणी चमच्यानं, डब्यातून थेट नाही, यावर आई अजून कुरकुरते. हे सगळं डॉक्टरांना दाखवून, बाबांची गोळी कमी करून घेऊन केलं.

मेसवाल्यांचं काय, हे मला विचारलं जातं. डबा तुमच्या हातात नसतो हे खरं. पण चार पोळ्यांतल्या दोन नको म्हणा आणि त्या बदल्यात वरण जास्त मागा. बऱ्याच मेसवाल्या काकू देतात, कारण हिशेबात त्यांचंही फार बिघडत नाही. संध्याकाळी ठेल्यावर दोन उकडलेली अंडी खा, म्हणजे बारा ग्रॅम प्रथिनं. अंडं चालत नसेल तर फुटाणे. आणि आयुष्यात एकदा, फक्त पंधरा दिवस, सगळं प्रामाणिकपणे मोजा. तुमची ‘तर्री’ कुठे लपली आहे ते तेवढ्यात कळतं. मग अ‍ॅप काढून टाका.

‘पण माझ्या मित्राचे कीटोवर वीस किलो उतरले’ असं सांगणारे भेटतील. उतरले असतील. दोन वर्षांनी त्याला परत भेटा, आणि जमल्यास त्याच्या घरी जेवायला जा. कोण उशिरा बसतं, काय खातं, ते बघा.

माझं वजन आता ८७ आहे, आणि गेले अकरा महिने त्याच्याच आसपास आहे. फोटो टाकण्यासारखं काही नाही. बाबांचा मीटर पुन्हा ५४ वर गेलेला नाही. आईचं एचबीएवनसी सहा महिन्यांनी ५.९ आलं. मी पेढे आणायला निघालो होतो, तिनं दारातूनच परत बोलावलं. ती आता आमच्यासोबतच जेवायला बसते. पहिले काही दिवस दर दोन मिनिटांनी उठायची, मग बाबांनी पातेलीच टेबलावर आणून ठेवली. सकाळी फोडणीचा भात मात्र आमच्याकडे बंद झाला, कारण रात्रीचा उरत नाही.